भाताच्या पात्यातील उष्णतेचा हिशेब

चैत्रात राजनाल्याच्या कालव्याखालील शिवारात गेलेल्या मनुष्यास एक विसंगती ताबडतोब जाणवते. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातील चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी या कालव्याने पुढे येत असल्यामुळे कर्जत तालुक्यातील कित्येक गावांची खाचरे ऐन उन्हाळ्यात दुबार भाताने हिरवीगार असतात, आणि त्यांच्याच बांधाला लागून असलेला काळ्या कातळाचा उघडा माळ मात्र अनवाणी पाऊल ठेवू देत नाही इतका तापलेला असतो. सूर्य एकच आणि वेळही एकच. तरी कातळाला हात लावला तर चटका बसतो, आणि भाताचे पाते बोटांत धरले तर गार लागते.

याचे पहिले उत्तर शाळेतील मुलासही ठाऊक असते. पाते आपल्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ सोडते व ती वाफ उष्णता घेऊन जाते. हे उत्तर खरे आहे, आणि पात्याच्या गारव्याचे बहुतेक श्रेय त्या वाफेसच दिले पाहिजे. परंतु त्यामुळे त्याहून सूक्ष्म असा एक प्रश्न झाकला जातो. कातळाने शोषलेल्या उन्हाची निमिषार्धात उष्णता होते, त्यातून दुसरे काहीच निपजत नाही. पात्याने शोषलेल्या उन्हाचीही बहुतांशी उष्णताच होते. तरीपण त्यातील एक अल्प अंश, भातासारख्या पिकात तत्त्वतः फार तर शेकडा ४.६ आणि प्रत्यक्ष शेतात त्याहून बराच कमी, या सार्वत्रिक नियतीतून निसटतो, त्याची साखर होते, आणि पुढे तोच दाणा होऊन आपल्या ताटात येतो. सर्व ऊर्जेची अखेर उष्णतेत व्हावी असा ज्या विश्वाचा कल आहे, त्या विश्वात एवढा अंश तरी कसा वाचतो? या प्रश्नाचे उत्तर एकेका रेणूच्या पातळीवर शोधावे लागते, आणि ज्या शास्त्रात ते सापडते ते अत्यंत लहान वस्तूंच्या व त्यांच्या परिसराच्या उष्णताव्यवहाराचे, म्हणजे पुंज-ऊष्मागतिकीचे शास्त्र होय.

स्पिरिटमधील लाल प्रकाश

या विषयाचे मर्म दाखविणारा एक प्रयोग घरच्या घरी करता येतो. आवणीतून उरलेली भाताची कोवळी रोपे, ती नसतील तर पालकाची पाने, खलबत्त्यात चेचून औषधाच्या दुकानातील स्पिरिटमध्ये थोडा वेळ भिजत ठेवावीत, आणि तो गडद हिरवा अर्क फडक्यातून गाळून काचेच्या पेल्यात घ्यावा. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून जवळपास चूल किंवा उदबत्तीसुद्धा असू नये. मग खोलीत अंधार करून निळ्या-जांभळ्या प्रकाशाची विजेरी, दुकानदार नोटा तपासण्यास वापरतात तीही चालते, पेल्यावर धरावी व बाजूने पाहावे. जो अर्क दिवसाच्या उजेडात हिरवा होता, तो रक्तासारखा लाल उजळलेला दिसतो. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा लाल प्रकाश १८३४ साली नोंदविला, आणि १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी असा प्रकाश म्हणजे पदार्थाने शोषून पुन्हा बाहेर टाकलेला प्रकाश होय, असा उलगडा केला.

आता तीच विजेरी जिवंत रोपावर धरा. लाल उजाळा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. ईथरसारख्या द्रावणात मोकळे सोडलेले हरितद्रव्य शोषलेल्या प्रकाशकणांपैकी शेकडा तीसच्या आसपास लाल प्रकाशाच्या रूपाने परत करते. जिवंत पानात हे प्रमाण शेकडा एक-दोनवर येते. रेणू तोच, त्यातील अणूंची रचना तीच, त्यावर पडणारा प्रकाशही तोच. बदलला तो केवळ त्याचा परिसर. एवढ्या एका बदलाने ऊर्जेची वाट बदलावी ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज तिच्यातच आहे.

एका रेणूत दोन तपमाने

हरितद्रव्याचा रेणू इतका लहान असतो की तो पुंजयामिकीच्या अमलाखाली येतो. त्याला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही. ठरावीक पातळ्या असतात, आणि एका पातळीवरून दुसरीवर जाण्यास लागेल तेवढीच ऊर्जा त्याला एकरकमी घ्यावी लागते. तांबड्या प्रकाशाचा एक कण त्यास सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतो. (एका व्होल्टचा विद्युद्दाब ओलांडताना एका इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट.) निळ्या प्रकाशाचा कण २.८ च्या आसपास देतो. पण त्यातील वरचा एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट सेकंदाच्या लक्षकोट्यंशाच्या आत उष्णता होऊन निघून जातो, आणि निळ्या कणाने उद्दीपित झालेला रेणू तांबड्या कणाने उद्दीपित झालेल्या रेणूच्या पंक्तीस येऊन बसतो. अर्काचा उजाळा, प्रकाश निळा टाकला तरी, लालच का दिसतो याचे कारण हेच.

रेणूच्या सभोवार प्रथिने, स्निग्ध द्रव्ये व पाणी यांची दाटी असते. सत्तावीस अंश सेल्सिअसला, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० केल्व्हिनला, ही सर्व दाटी अखंड थरथरत असते, आणि त्या थरथरीतील एकेका हेलकाव्याची ऊर्जा सरासरीने ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. हरितद्रव्याच्या १.८ शी तुलना केली तर सत्तरपटीचे अंतर पडते. नुसत्या उबेने हरितद्रव्य उद्दीपित होण्याचा संभव या अंतरामुळे जवळजवळ शून्यावर येतो. ते काम सूर्यप्रकाशालाच शक्य आहे, कारण त्या प्रकाशावर सूर्यपृष्ठाच्या सुमारे ५८०० केल्व्हिन तपमानाची मुद्रा उमटलेली असते.

म्हणजे एकाच रेणूचा संबंध एकाच वेळी दोन तपमानांशी येतो: प्रकाशाच्या द्वारे अतितप्त सूर्याशी, आणि आजूबाजूच्या धक्क्यांच्या द्वारे थंड पात्याशी. उष्णतेतून काम काढावयाचे तर एक तप्त बाजू व एक थंड बाजू लागते, हे सादी कार्नो यांनी १८२४ साली वाफेच्या यंत्रांचा विचार करताना दाखविले होते. यंत्र कितीही लहान असले तरी हा नियम सुटत नाही. १९५९ साली बेल प्रयोगशाळेतील स्कोव्हिल व शुल्त्स-ड्युबोआ यांनी केवळ तीन ऊर्जापातळ्यांच्या अणूवर आधारलेले मेझर हे उपकरण उष्णतायंत्र म्हणून तपासले, आणि त्याची कार्यक्षमताही कार्नोच्या मर्यादेत बांधलेली आहे असे सिद्ध केले. हरितद्रव्य आणि त्याचा परिसर मिळून जे घडते, ते तत्त्वतः याच जातीचे आहे: तप्त बाजूकडून प्रकाशकण आला, थंड बाजूला थोडी उष्णता दिली गेली, आणि मधल्या मध्ये काम निघाले. ते काम म्हणजे एक इलेक्ट्रॉन त्याच्या मूळ जागेवरून उचलून दूर नेऊन ठेवणे.

मात्र वेळ फार थोडा असतो. एकटा पडलेला उद्दीपित रेणू आपली ऊर्जा सुमारे पाच नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे पाच अब्जांश, बाळगू शकतो. मुदत संपली की ती प्रकाश किंवा उष्णता होऊन जाते, अथवा रेणू अशा दुसऱ्या उद्दीपित अवस्थेत शिरतो की तिच्या संसर्गाने प्राणवायू घातक बनतो. स्पिरिटमधल्या रेणूपुढे याखेरीज मार्ग नाही. पानातल्या रेणूपुढे आहे: आपली ऊर्जा शेजाऱ्याच्या स्वाधीन करणे.

खाचरातून खाचरात

भर उन्हातही एका हरितद्रव्याच्या वाट्यास सेकंदाला फार तर दहाएक प्रकाशकण येतात. प्रत्येक रेणूला स्वतंत्र यंत्रसामग्री जोडणे यामुळे परवडण्यासारखे नसते. म्हणून पानात दोन-तीनशे रेणू मिळून एका अभिक्रिया केंद्राची चाकरी करतात. अभिक्रिया केंद्र म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष उचलला जातो ती जागा. शेजारी-शेजारी बसलेल्या रेणूंत एक-दोन नॅनोमीटरचे अंतर असते, आणि ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे लक्षकोट्यंश सेकंदाच्या आगेमागे जाते. पाच अब्जांशांच्या मुदतीच्या मानाने हा वेग भरपूर आहे. परंतु वेगाने प्रवास झाला म्हणजे मुक्कामाला पोहोचलेच असे नाही. ऊर्जा पुढे जाते तशी मागेही येऊ शकते, आणि शेकडो रेणूंच्या दाटीत ती नुसती येरझारा घालीत राहिली तर मुदत वाया जावयाची. तेव्हा तिला दिशा कोण देतो?

उतारावरील भातशेती ज्याने पाहिली आहे त्यास हे सहज समजेल. वरच्या खाचरातील पाणी बांधाला पाडलेल्या वाटेने खालच्या खाचरात उतरते, तेथून त्याखालच्यात, आणि असे करीत ओहोळापर्यंत येते. प्रत्येक उतरणीला त्याची थोडीशी उंची खर्ची पडते, आणि ती पडली म्हणूनच ते परत वर चढत नाही. सर्व खाचरे एका पातळीत असती तर पाणी वाऱ्याबरोबर इकडून तिकडे हिंदकळत राहिले असते. उलट पहिल्याच बांधाला मोठा कडा असता तर सगळी उंची तेथेच वाया गेली असती. पानातील रेणूंच्या पातळ्याही अशाच थोड्याथोड्या उतरत्या आहेत. प्रत्येक उतरणीला ऊर्जेचा लहान हिस्सा परिसराच्या थरथरीत उष्णता होऊन मिसळतो, आणि त्या मोबदल्यात परतीची वाट बिकट होते.

किती बिकट, याचा हिशेब ऊष्मागतिकी नेमका देते. पात्याच्या तपमानाला ऊर्जा ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली उतरली, तर खाली जाण्याच्या मानाने वर येण्याचा दर एक-दशांश होतो. आणखी तितकीच उतरली तर शतांश, एकंदर ०.३ उतरली तर लक्षांश. ऊर्जा वाया न घालविता तिला एकमार्गी करता येत नाही, आणि थोडीच वाया घालविली तर पुष्कळ एकमार्गी होते, असा हा व्यवहार आहे. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम वाफेच्या इंजिनात अनिवार्य हुकुमासारखा भासतो. एका रेणूच्या पातळीवर तो सरासरीचा नियम होतो, आणि सरासरीला अपवाद असतातच.

> चौकट : मापांची ओळख
> पात्यातील एका हेलकाव्याची उष्णता ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तांबड्या प्रकाशकणाची ऊर्जा १.८. एकट्या उद्दीपित हरितद्रव्याची मुदत सुमारे ५ नॅनोसेकंद. शेजाऱ्याकडे ऊर्जा जाण्यास त्याचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. अभिक्रिया केंद्रात इलेक्ट्रॉन पहिल्यांदा हलण्यासही काही लक्षकोट्यंश सेकंदच लागतात. या वेगांच्या तफावतीमुळेच पानातील दोन प्रकाशयंत्रणांपैकी एकीत शंभरांतील पंच्याण्णवांहून अधिक प्रकाशकण कामी येतात.

परिसर देतोही

परिसर ऊर्जा घेतो एवढेच सांगून थांबलो तर चित्र एकांगी राहील. वरील चौकटीत उल्लेखिलेल्या त्याच प्रकाशयंत्रणेत काही हरितद्रव्यांची पातळी खुद्द अभिक्रिया केंद्राच्याही खाली असते. ऊर्जा तेथे शिरली की ती अडकून पडावी असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात पात्याच्या नेहमीच्या तपमानाला परिसरातील थरथर तिला पुन्हा वर ढकलते, आणि ती केंद्रापर्यंत पोहोचते. पान द्रवरूप नायट्रोजनात, उणे १९६ अंशांना, बुडविले की ही थरथर मंदावते. मग ऊर्जा खरोखरच त्या खोलगट जागी अडकते, आणि एरवी क्वचितच दिसणारा गडद तांबडा प्रकाश तेथून बाहेर पडू लागतो. उष्णतेचा हा लहानसा उपकार काढून घेतल्याखेरीज लक्षात येत नाही.

अशा देवघेवीचे गणित मांडण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. केरळातील पल्लम येथे जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षे काम करीत होते. १९७६ साली त्यांनी गोरिनी व कोसाकोव्स्की यांच्यासह, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे लिंडब्लाड यांनी, परिसराशी संबंध असलेल्या पुंजव्यवस्थेचे वर्तन कोणत्या स्वरूपाच्या समीकरणाने सांगता येते हे निश्चित केले. परिसराच्या प्रत्येक कणाचा माग ठेवणे अशक्य असते. परिसर त्या लहान व्यवस्थेवर काय परिणाम करतो तेवढेच या समीकरणात उरते. पुढच्याच वर्षी बैद्यनाथ मिश्र व सुदर्शन यांनी असे दाखविले की एखाद्या पुंजव्यवस्थेची फार वारंवार तपासणी झाली तर तिचे बदलणेच थांबते.

पानाच्या संदर्भात हे दोन्ही विचार एकत्र येतात. परिसराचा उपद्रव मुळीच नसेल तर, रेणूंच्या पातळ्या जुळत नसल्यामुळे, ऊर्जेची तरंगरूप हालचाल जागच्या जागी घुटमळते. उपद्रव अतिशय असेल तर तो सततच्या तपासणीसारखाच होतो आणि हालचाल गोठते. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे उपद्रव बेताचा असताना, ऊर्जा सर्वांत लवकर केंद्रापर्यंत जाते, असे २००८ साली अमेरिकेत व युरोपात स्वतंत्रपणे केलेल्या गणितांतून निष्पन्न झाले.

याच्या अगदी उलट गरज पाहावयाची तर कर्जतहून लोकलने मुंबईस उतरून कुलाब्याच्या टोकाशी जावे. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाहक मंडलांपासून पुंजसंगणकाचे घटक घडविले जातात. अशा घटकाच्या दोन पातळ्यांतील अंतर इतके अल्प असते की पाव केल्व्हिनचे तपमानसुद्धा त्यास ढवळून काढण्यास पुरते. म्हणून ते निरपेक्ष शून्याच्या वर एक-दोन शतांश अंशांइतके थंड ठेवावे लागतात, आणि परिसराशी संबंध जितका तोडता येईल तितका तोडला जातो. संगणकाला स्मृती जपावयाची असते. पानाला ऊर्जा पोहोचवावयाची असते. परिसर मित्र की शत्रू, हे त्या कामावर अवलंबून आहे.

२००७ सालचा गाजावाजा

या विषयात एक गैरसमज फार पसरला आहे. २००७ साली बर्कली येथील ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेतून एक शोध प्रसिद्ध झाला. हरित गंधकजीवाणूंच्या एका प्रथिनात, उणे १९६ अंशांना, ६६० फेमटोसेकंदांपर्यंत (फेमटोसेकंद हा लक्षकोट्यंश सेकंदाचाही हजारावा भाग) टिकणारे तालबद्ध स्पंदन दिसले. ऊर्जा एकाच वेळी अनेक वाटांनी तरंगरूपाने जाऊन उत्तम वाट निवडते, वनस्पती म्हणजे जणू पुंजसंगणकच, असे अर्थ त्यातून काढले गेले आणि ते लोकप्रियही झाले. परंतु पुढे २०१७ साली साध्या तपमानाला केलेल्या मोजणीत रेणूंमधील इलेक्ट्रॉनी तरंगांची संगती सुमारे ६० फेमटोसेकंदांतच विरते असे आढळले, आणि २०२० साली या क्षेत्रातील अनेक अभ्यासकांनी एकत्र येऊन जाहीर केले की ती दीर्घ स्पंदने मुख्यतः रेणूंच्या कंपनांची होती. माझ्या मते या दुरुस्तीने पानाची थोरवी कमी होत नाही. तरंगांच्या जादूपेक्षा उताराची नेमकी आखणी आणि परिसराशी बेताची देवघेव ही अधिक खरी आणि अधिक टिकाऊ कारागिरी आहे.

श्रावणातील ऊनपाऊस

हे सर्व वाचून खाचरातील शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उपयोग आहे.

उन्हाळी भातावर जेव्हा प्रखर ऊन पडते तेव्हा पानाने शोषलेली ऊर्जा अभिक्रिया केंद्रांना पेलवत नाही. उरलेली ऊर्जा रेणूंत साचून राहिली तर घातक प्राणवायू तयार होऊन पान होरपळेल. म्हणून पान परिसराशी असलेले आपले नातेच बदलते. पेशीतील एका कप्प्यात आम्लता वाढते, एक पिवळे रंगद्रव्य दुसऱ्या रूपात पालटते, आणि हरितद्रव्याच्या ऊर्जेला उष्णता होऊन निघून जाण्याची नवी वाट उघडते. ज्या उष्णतेपासून ऊर्जेस वाचविण्यासाठी एवढा खटाटोप, त्याच उष्णतेत तिला मुद्दाम लोटण्याचा हा बंदोबस्त आहे, आणि चैत्र-वैशाखात तो पिकाचा प्राण वाचवितो.

खरिपात मात्र हाच बंदोबस्त नडतो. श्रावणात उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत घटकेत ऊन आणि घटकेत आभाळ असते. ऊन पडताच संरक्षणाची वाट चटकन उघडते. ढग आला की ती बंद व्हावयास कित्येक मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ, प्रकाश आधीच अपुरा असताना, पान तो उष्णतेत उधळीत राहते. २०१६ साली अमेरिकेत तंबाखूच्या रोपांत जनुकीय फेरफार करून ही वाट लवकर मिटेल अशी तजवीज केली गेली, तेव्हा शेतात त्यांचे शुष्क वजन सुमारे शेकडा १५ ने वाढले. भाताच्या निरनिराळ्या वाणांतही या संरक्षणाची क्षमता सारखी नसते, आणि हा फरक जनुकांपर्यंत शोधला गेलेला आहे.

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने कर्जत-३, कर्जत-७ यांसारखे वाण कोकणास दिले आहेत, आणि याच तालुक्यात एकाच खाचरात पावसाळी मंद प्रकाश व उन्हाळी प्रखर प्रकाश हे दोन्ही भाताच्या वाट्यास येतात. संरक्षणाची वाट किती वेगाने मिटते हे, पानाला न तोडता, त्याच्या त्या अल्पशा लाल प्रकाशावरूनच, हातात मावणाऱ्या उपकरणाने काही मिनिटांत मोजता येते. तेव्हा वाणांची पारख करताना उतारा, दाण्याची प्रत आणि रोगप्रतिकार यांच्या जोडीला कोकणातील प्रत्येक नव्या भातवाणाची ही एक मोजणीही दफ्तरात नोंदली जावी, असे मी आग्रहाने सुचवितो.